आधी खुंटी, मग गळा

मिरजेत पोचाल तेव्हा साल १८९० च्या आगेमागे असेल आणि पहाटेचे चार वाजले असतील. घोंगडीवर मांडी घाला. समोरचा तंबोरा उभा धरा, भोपळा मांडीशी, दांडी कानाशी. खुंट्यांना हात लावू नका, ते काम तुमचं नाही. मधल्या बोटाने पंचमाची तार छेडायची, मग तर्जनीने जोडाच्या दोन आणि शेवटी खर्ज. पुन्हा पंचम, जोड, खर्ज. गायचं नाही.

गायचं कधी, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही आणि विचारण्याची रीत नाही. आतल्या खोलीत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर खोकतात. दमा जुना आहे, घराला त्याची सवय झाली आहे. ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशांच्या पायाशी बसून त्यांनी जी गायकी मिळवली, तीच घेऊन ते दक्षिणेत परतले. ती विद्या त्यांना जशी मिळाली तशीच ते देतात : आधी घरातलं पाणी भरा, बाजारहाट करा, थोरल्यांचे तंबोरे धरा. कानावर पडेल ते पडू द्या.

शेजारच्या सतरंजीवर एक अठरा वर्षांचा मुलगा तासन् तास एकाच पलट्याला लागला आहे. कुरुंदवाडचा. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडासमोर उडाला आणि डोळे अधू झाले. वाचन सुटलं म्हणून गाण्याकडे आला. विष्णू दिगंबर पलुसकर. त्याच्याकडे फार पाहू नका, पुढे त्याची गाठ पडायची आहे.

तुमच्या हातातला तंबोरा याच गावचा. तो करणारे शिकलगार मुळात हत्यारांना धार लावणारे. तलवारींचं काम आटलं तसे त्यांचे हात वाद्यांकडे वळले. भोपळे पंढरपूरकडच्या मळ्यांतून येतात. घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवलेला आहे. तो केसभर इकडेतिकडे करता करता एका जागी तार अचानक उघडते आणि गुंजायला लागते. ती जवारी. जवारी नीट लागली की खर्जाच्या तारेतून एक सूर उगवतो, जो कुणी छेडलेलाच नाही. गंधार. पहिल्या महिन्यात तो तुम्हाला ऐकू येणार नाही. दुसऱ्या महिन्यात कधीतरी येईल आणि तुम्हाला वाटेल, आतून कुणी तरी गातंय.

मिरजेचा पहिला धडा हाच. त्याला नाव नाही, तो कुणी समजावून सांगत नाही, त्याची परीक्षाही नाही. तुम्ही तोंड उघडाल तोवर कान इतका भरलेला असेल की गळ्याला चुकायला फारशी जागा उरणार नाही. लयीचंही तेच. तबल्याचा ठेका सकाळ-संध्याकाळ भिंतीतून झिरपतो. मात्रा मोजायला कुणी बसवत नाही, आणि तरी वर्षभराने सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की तुमची मान आपोआप हलते.

रीत उत्तम आहे. फक्त ती कुणाला परवडते ते पाहा. ज्याच्या घरी खाणारी तोंडं कमी आहेत, ज्याला वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या घरी राहता येतं आणि ज्याच्या गळ्यात मुळात थोडाफार सूर आहे, त्याला. उरलेल्यांना कुणी हाकलत नाही. त्यांची पाळी येत नाही, इतकंच. तुमची पाळीही आली नाही. सहा महिने झाले, हात पाणी भरून घट्टे पडलेले, आणि बुवांनी तुमचा षड्ज अजून एकदाही ऐकलेला नाही.

निघा. तेरा वर्षं ओलांडायची आहेत आणि मुलूखही बदलायचा आहे.

लाहोर, जानेवारी १९०३. थंडी हाडात शिरते. रस्त्यावर टांग्यांची खडखड, शेगडीचा धूर, आणि धुक्यातून येणारी पंजाबी. जिना चढून वर या, जोडे बाहेर काढा. आत सतरंज्या आहेत आणि दहाबारा माणसं ओळीने बसली आहेत. हीच गोष्ट नवी. मिरजेत शिष्य ओळीने बसत नसत.

मिरज सोडल्यावर विष्णू दिगंबर बडोदा, ग्वाल्हेर, काठेवाड करत उत्तरेत आले. राजकोटला त्यांनी तिकीट लावून जलसा केला, म्हणजे गाणं ऐकायला संस्थानिकाचं बोलावणं लागत नाही, खिशात पैसे असले की पुरे, हे एकदा जाहीर करून टाकलं. आणि ५ मे १९०१ रोजी इथे, ओळखीपाळखीच्या माणसांपासून शेकडो कोस दूर, गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाश्रय नाही. वर्गणी, फी आणि स्वतःच्या जलशांची कमाई यांवर चालवलेली गाण्याची शाळा. लाहोरमध्ये गाणं हे मिरासींचं काम नाहीतर कोठ्यावरचं. बऱ्या घरच्या मुलाने सुरात गाणं शिकावं, ही कल्पनाच आईबापांना अवघडवते. म्हणून इथे प्रार्थना आहे, वेळेचा कडक शिरस्ता आहे आणि चिजांतून शृंगार काढून भक्ती घातलेली आहे. हे शेवटचं मला फारसं रुचत नाही, पण त्यावाचून ही माणसं जिना चढली नसती, हेही खरं.

ओळीत तुमची जागा तिसरी. डावीकडे एका वकिलाचा कारकून, पगडी सांभाळत बसलेला. उजवीकडे बारातेरा वर्षांचा मुलगा, आवाज नुकता फुटायला लागलेला. पलीकडे एक कापडदुकानदार, ज्याला भजन नीट म्हणता यावं एवढीच इच्छा आहे. कुणाच्याही घरात तंबोरा नाही. कुणाचाही कान भरलेला नाही. मिरजेच्या रीतीने यांची पाळी सात जन्मांत आली नसती.

शिकवायला बसलेला तरुण दक्षिण महाराष्ट्रातला आहे, हिंदुस्थानी बोलतो तीही मराठी हेलाने. तो आधी तंबोऱ्याशी झुंजतो. इथल्या कोरड्या थंडीत लाकूड आटतं, खुंटी घसरते. खडूची पूड लावून, दाबून, पिळून तो ती बसवतो. सगळे थांबतात. मग तो छेडायला लागतो आणि म्हणतो, ‘सा.’

दहाबारा तोंडं उघडतात. तुम्हीही षड्ज लावता. छान लागलाय असं तुम्हाला वाटतं, तंबोऱ्याशी भांडण नाही, गोड वाटतंय. शिक्षक छेडणं न थांबवता उठतो, तंबोरा दुसऱ्याच्या हाती देतो आणि ओळीतून वाकत चालत येतो, एकेकाच्या तोंडाशी कान नेत. समूहात गाताना कच्चा माणूस पक्क्याच्या मागे लपतो, हे त्याला ठाऊक आहे. वर्गाच्या पद्धतीची ही पहिली खोट, आणि ती झाकायला कान घेऊन फिरण्यापलीकडे दुसरा उपाय अजूनही सापडलेला नाही.

तुमच्यापाशी तो थबकतो. तुम्ही पंचमावर आहात.

लाजू नका. नवख्यांपैकी कितीतरी जण इथेच येऊन बसतात. पंचमाची तारही वाजतेच आहे, तुमचा आवाज तिच्याशी मिळाला, कान समाधान पावला. ज्याला काहीच ऐकू येत नाही तो असा पंचमावर जाऊन बसणार नाही. तो कुठेही पडेल. तुम्ही मिळवलंत, फक्त शेजारच्या घरात गेलात.

आता तो काय करतो ते पाहा. ‘चूक’ म्हणत नाही, ‘खाली या’ असंही म्हणत नाही. ‘खाली’ म्हणजे काय हेच नवख्याला कळत नसतं. सुराचा वर-खाली हा शब्दांचा खेळ आहे, गळ्याला त्यातून काही समजत नाही. तो तुमच्याच पंचमात स्वतःचा आवाज मिसळतो. दोघे मिळून पंचम. मग तुमच्याकडे बघत, आवाज न तोडता, तो मध्यमावर उतरतो, आणि तुम्ही नकळत मागोमाग. गंधार, रिषभ, षड्ज. पोचलात. ‘हा तुमचा सा. इथला रस्ता आठवा.’

उजवीकडच्या मुलाचं दुखणं वेगळं. त्याचा फुटलेला गळा तंबोऱ्याच्या पट्टीपर्यंत पोचतच नाही. ताणतो, शिरा फुगतात, सूर कणभर खालीच राहतो. मिरजेत त्याला कणसूर म्हटलं असतं आणि ते नाव त्याला जन्मभर चिकटलं असतं. इथे शिक्षक परत जागेवर जातो, खुंट्या सैल करतो, पट्टी दोन घरं उतरवतो आणि पुन्हा लावतो. मुलगा तोंड उघडतो आणि सूर लागतो. त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटतं. पुढच्या आठवड्यात वर्गाची वाटणी होते तीही हुशारीवर होत नाही, पट्टीवर होते. उंच गळे एका बाजूला, ढाले दुसऱ्या बाजूला, तंबोरे दोन.

या शाळेची सगळी नवलाई मला या खुंटीत दिसते. स्वरलिपी, पुस्तकं, परीक्षा, समारंभ यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण गळा सुराकडे ओढण्याआधी सूर गळ्याकडे नेऊन पाहायचा, एवढं एकदा ठरलं की ‘याला सूर नाही’ असं ज्यांच्याबद्दल म्हटलं जातं त्यांतले निम्मेअधिक लोक पहिल्याच दिवशी त्या यादीतून बाहेर पडतात. हे मोजून सांगत नाही. कुठल्याही गाण्याच्या वर्गाच्या कोपऱ्यात बसून पाहा.

आता डोळे मिटा आणि पुन्हा षड्ज लावा. लांब. जवळजवळ लागला आहे, पण पूर्ण नाही, आणि तुमच्या आवाजात आणि तारेत एक हेलकावा ऐकू येतो, वाढतो-ओसरतो, वाढतो-ओसरतो. तार सेकंदाला २४० वेळा थरथरते आहे आणि तुमचा गळा २३८ वेळा, म्हणून सेकंदाला दोन हेलकावे. हा हिशेब शिक्षक सांगणार नाही. तो इतकंच सांगेल : ‘जोर लावू नका. ती लाट संथ होऊ द्या.’ गळ्याला काही करायला सांगितलं की गळा आखडतो. कानाला काम दिलं की गळा आपोआप मागे येतो. लाट संथ होते. आणखी संथ. थांबते.

आणि नेमक्या त्याच क्षणी तुम्ही घाबरून सूर सोडता.

का, ते सांगतो. सूर खरोखर लागला की तुमचा आवाज तुम्हालाच वेगळा ऐकू येईनासा होतो. तो तंबोऱ्यात विरतो. आयुष्यभर तुम्ही स्वतःचा आवाज इतरांपासून वेगळा ऐकत आलात. तो नाहीसा झाला म्हणजे काही तरी बिघडलं असं वाटतं, आणि तुम्ही तो शोधायला किंचित वर किंवा खाली सरकता. लगेच आवाज सापडतो, कारण तो बेसूर झालेला असतो. नवशिके बेसूर गातात यातला मोठा भाग बहिरेपणाचा नसून या भीतीचा असतो. शिक्षकाला हे माहीत आहे. म्हणून तो उजवा तळहात कानामागे धरायला लावतो, तोंडातून निघालेला आवाज वळून कानात यावा आणि स्वतःचा पत्ता लागावा म्हणून. मोठे गवई कानावर हात ठेवतात तो नखरा नव्हे. मग काही दिवसांनी तो हात काढायला लावतो. आता विरून जायचं आणि तिथेच थांबायचं. एक श्वासभर. श्वास संपत आला की सूर खाली बसायला लागतो, तेव्हा श्वास संपण्याआधी थांबा. बसलेला सूर धरून ठेवण्यात मर्दुमकी नाही.

सा रे ग म होतं. पलटे होतात. पहिल्या महिन्यात फक्त शुद्ध स्वर, जवळजवळची पावलं, उड्या नाहीत. तारषड्जाकडे जाताना निषाद कमी पडतो, सगळ्यांचाच. शिक्षक एकदा वरचा सा लावून दाखवतो आणि मग निषादावर थांबायला लावतो. कुठे जायचंय ते कळल्यावर निषाद आपला आपण वर सरकतो.

मग तंबोरा खाली ठेवला जातो आणि त्रितालाची पाळी येते. इथे कारकून खुशीत येतो, कारण हात वाजवायचे आहेत आणि त्यात काय अवघड. सोळा मात्रा. पहिलीवर टाळी, पाचवीवर टाळी, नववीवर खाली म्हणजे हात उलटा करून हवेत, तेरावीवर टाळी. मधल्या मात्रा बोटांवर. तोंडाने धा धिं धिं धा.

चार आवर्तनांत वर्ग कुठल्या कुठे पळतो. ऐकून पाहा नेमका कुठे. टाळीवर नाही. टाळीचा आवाज सगळ्यांना एकत्र आणतो. पळापळ खालीवर होते. हात हवेत जातो, आवाज येत नाही, ती शांतता कुणाला सोसत नाही, आणि जो तो पुढच्या टाळीकडे धावतो. म्हणून लय शिकायची जागा खाली. शिक्षक म्हणतो, आता पहिल्या आठ मात्रा मोठ्याने, पुढच्या आठ मनात, आणि समेवर एकच टाळी. पहिल्या खेपेला सम येते ती वळवाच्या पहिल्या थेंबांसारखी, टप, टप टप, टप. दुकानदार हसतो. पुन्हा. पुन्हा. विसाव्या-पंचविसाव्या आवर्तनाला ओळीतून एकच टाळी पडते, आणि दहाबारा अनोळखी माणसं क्षणभर एकमेकांकडे पाहतात.

दुगुन आली की नवा घोटाळा. तोंडाने दुप्पट जायचं, हाताने तिथेच राहायचं. तोंड धावलं की हातही धावतो. शिक्षक जोड्या लावतो. तुम्ही हात धरा, कारकून बोलेल. मग उलट. दोन माणसांत वाटलेलं काम पुढे एकाच माणसात येतं. आणि गाता गाता ताल धरायला तर तो इतक्यात सांगतच नाही. सुराकडे लक्ष गेलं की हात थांबतो, हाताकडे गेलं की सूर उतरतो. दोन्ही वेगवेगळे पक्के झाल्यावर हळूहळू सांधायचे. गुरुगृही हे वेगळं काढून शिकवायची गरज पडली नाही, कारण तिथे ठेका वर्षानुवर्षं कानातून रक्तात जात असे. संध्याकाळी कचेरी आटपून येणाऱ्या माणसाकडे ती वर्षं नाहीत. त्याला लय सुटी करून, हातात देऊन शिकवावी लागते.

वहीत उतरवूनही घ्यायचं आहे. विष्णू दिगंबरांनी लिपी बसवली आहे : मंद्र सप्तकातल्या सुराच्या डोक्यावर टिंब, तार सप्तकातल्यावर उभी रेघ, कोमल स्वराचा पाय मोडलेला. सुराखाली मात्रेच्या खुणा, पूर्ण मात्रेची वेगळी, अर्धीची वेगळी, पावाची वेगळी. ही लिपी किचकट आहे. पुढे भातखंड्यांची सुटसुटीत लिपी जास्त पसरली यात नवल नाही. तरी पावमात्रा कागदावर दिसली की लय ही मोजता येणारी वस्तू आहे हे या कारकुनाला पटतं. त्याला जमाखर्चाची सवय आहे.

वर्ग सुटतो. जोडे घालताना आतल्या खोलीतून आवाज येतो. आता तिथे दुसरीच शाळा भरली आहे. उपदेशक वर्गाचे विद्यार्थी नऊ वर्षांचा करार लिहून इथेच राहतात, इथेच जेवतात, गुरूबरोबर गावोगाव जातात, पहाटे खर्ज भरतात. म्हणजे मिरजच, फक्त याच छपराखाली आणि लेखी. पलुसकरांच्या शाळेतून गवई निघाले का, असं लोक विचारतात आणि ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास ही नावं पुढे केली जातात. नावं खरी आहेत. पण ती या आतल्या खोलीची, तुमच्या ओळीची नव्हेत. पलुसकरांनी वर्ग काढून गुरुकुल मोडलं असं म्हणणारे आणि वर्गातून गवई घडवले असं म्हणणारे, दोघेही एकाच दाराने आत शिरतात आणि दुसरं दार विसरतात. सूर-लय शिकवणं आणि गवई घडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी एका छपराखाली दोन खोल्या करून दाखवलं. कारकून आयुष्यात मैफल करणार नाही. त्याने ती करावी अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

पुढची वर्षं भराभर जाऊ द्या. १९०८ साली शाळा मुंबईला येते, सँडहर्स्ट रोडवर स्वतःची इमारत उभी राहते, कर्ज डोक्यावर बसतं आणि त्या कर्जापायी इमारत जाते. २१ ऑगस्ट १९३१ रोजी विष्णू दिगंबर मिरजेतच डोळे मिटतात. त्याच वर्षी शिष्य एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ काढतात. पुढच्या वर्षी विनायकबुवा पुण्यात शाळा उघडतात. तुम्ही १९३६ मध्ये उतरा, मुंबईत, ऑपेरा हाऊसच्या भागात, पलुसकरांचेच शिष्य प्रा. बा. र. देवधर यांच्या वर्गात.

इथे कोपऱ्यात एक बारा वर्षांच्या आतबाहेरचा मुलगा दिसेल, बेळगावकडचा, ज्याने ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून थोरामोठ्यांची गाणी जशीच्या तशी उचलली आहेत आणि ज्याला कुमार गंधर्व ही पदवी शाळेत येण्याआधीच मिळालेली आहे. त्याला सूर शिकवायचा नाही. तो आपल्या गोष्टीतला नव्हे. त्याच्याकडे पाहून इतर पालकांनी आपापल्या पोरांना घरी नेलं नाही, एवढंच माझ्या दृष्टीने महत्त्वाचं.

लाहोरपासून इथवर एक बदल मात्र डोळ्यांत भरतो. तंबोऱ्याच्या जागी घरोघरी पेटी आली आहे. पेटी स्वस्त, पेटी उतरत नाही, पेटीला खडू लागत नाही. पण तिचा गंधार तपासा. षड्ज २४० धरला तर तंबोऱ्याच्या खर्जातून उगवणारा गंधार ३०० च्या पटीत बसतो. पेटीचा ३०२ च्याही किंचित वर, कारण तिने सप्तकाचे बारा सारखे तुकडे केले आहेत. सांगलीकडच्या देवलांनी आणि क्लेमेंट्ससाहेबांनी श्रुतींची पेटी करवून पाहिली. ती मागे पडली. १९४० साली रेडिओने पेटीला दारच बंद केलं आणि ते पुढे तीस वर्षं बंद राहिलं.

नवशिक्यापुरतं बोलायचं तर दोन-अडीच कंपनांचा तो फरक हे पेटीचं मोठं पाप नव्हे. तो फरक कळायला लागला की माणूस नवशिका राहत नाही. खरी अडचण अशी की पट्टी दाबली की पेटी सूर सांगून टाकते, आणि गळा तिच्या मागून चालतो. पेटी थांबली की सूर घसरतो. तंबोरा तुमचा पलटा वाजवून दाखवत नाही. तो फक्त षड्ज-पंचम धरून बसतो, रिषभ कुठे ते तुम्हीच शोधायचं. शहाणा मास्तर पेटी वाजवतो ती अशी : एकदा गंधार दाखवायचा, बोट उचलायचं, शिष्याला तो एकट्याने धरू द्यायचा, आणि मग पुन्हा पट्टी दाबून पाहायचं, तिथेच आहे का. सूर दाखवायला पेटी, तपासायलाही पेटी, मधला वेळ शिष्याचा. हा मधला वेळ जो देत नाही त्याच्या वर्गात दहा वर्षं काढली तरी फळ सारखंच.

आता शेवटचा मुक्काम. साल १९६५ च्या सुमाराचं, कोकणातल्या एका हायस्कुलाचा हॉल, बाहेर उकाडा. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा. बाकांवर फ्रॉकमधल्या मुली, मुंजीतला गोटा अजून नीट न वाढलेला एक मुलगा, मधोमध तुम्ही, आणि शेवटच्या बाकावर नऊवारीतल्या एक बाई, पन्नाशीच्या, हातात रुमाल पिळत. त्यांच्या पुढच्या मुलीने अलंकार सुरेख म्हटले आणि दुगुनीत हात तोंडामागे पळवला. परीक्षकांनी लिहून घेतलं.

बाई पुढे येतात.

‘पट्टी कुठली घेऊ, काकू?’ परीक्षक विचारतात. हाच प्रश्न ते सकाळपासून प्रत्येकाला पहिल्यांदा विचारताहेत. मिरजेत तो कुणी विचारला नव्हता.

‘पांढरी पाच म्हणतात बाई आमच्या.’

तंबोरा लागतो. काकू षड्ज लावतात आणि पंचमावर जाऊन बसतात. पुढच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसतं. परीक्षक छेडणं थांबवत नाहीत. ‘पट्टी बदलू या का?’

‘नको. सापडेल.’ त्या डोळे मिटतात, ओठांतल्या ओठांत चार सूर उतरतात, आणि षड्जावर थांबतात. लाट संथ होऊन थांबेपर्यंत हॉलमधले सगळे वाट पाहतात, हसणारी मुलगीसुद्धा.

‘त्रिताल. हातावर. ठाय आणि दुगुन.’

ठाय, म्हणजे मूळ लय, होते. दुगुनीत खरी मेख अशी की हात पाचव्या मात्रेवर टाळी देतो तेव्हा तोंडात खालीचा ‘धा तिं तिं ता’ सुरू असतो, आणि हात नववीवर खालीला उलटतो तेव्हा तोंड पुन्हा समेचा ‘धा’ म्हणतं. सकाळपासून सगळी मुलं इथेच पडली. तोंडात खाली आली की त्यांचा हातही उलटायचा. काकूंच्या घरी तीस वर्षं शनिवारची भजनं चालली आहेत. टाळ त्यांच्या हातात कुणी शिकवून दिलेला नाही. पाचवीला टाळी पडते. नववीला हात शांतपणे उलटतो, तोंड ‘धा’ म्हणतं, हात ऐकत नाही.

‘पुरे,’ परीक्षक म्हणतात आणि यादीतलं पुढचं नाव वाचतात. ते तुमचं आहे.